जुगाऱ्याचे ऐकून कोणी घेतले?

आपल्याकडे जुगाराची नोंद जितकी जुनी आहे, जवळजवळ तितकीच जुनी त्यातून सुटू पाहणाऱ्या माणसाची नोंद आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त म्हणजे सर्वस्व हरलेल्या एका जुगाऱ्याचे स्वगत. बायको दुरावली आहे, सासू तोंड पाहत नाही, आई, बाप आणि भाऊ सांगतात की आम्ही याला ओळखत नाही, खुशाल बांधून न्या. आता खेळायचे नाही असे तो मनाशी ठरवतो, आणि फाशांचा आवाज कानी आला की त्याचे पाय तिकडेच वळतात. चौदा ऋचांच्या शेवटाकडे सवितृदेव त्याला फासे टाकून शेत नांगरायला सांगतो. हे फासे म्हणजे बेहड्याची सुकलेली फळे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रानात बेहडा आजही वाढतो. त्या जुगाऱ्यापासून निघून आज याच जिल्ह्यातल्या एखाद्या तरुणाला मोबाइलवर मिळू शकणाऱ्या समुपदेशनापर्यंत आपण चालत येऊ. या वाटेवर मला एकच गोष्ट शोधावीशी वाटते : जुगाऱ्याला बोल लावणारे पुष्कळ होते, त्याचे ऐकून घ्यायला कोण बसले?

महाभारतात युधिष्ठिराचे द्यूत सर्वांना ठाऊक असते, पण आपल्या विषयाचा खरा पूर्वज वनपर्वातल्या नलकथेत आहे. राज्य हरलेला नल ओळख लपवून ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाकडे रथ धावत असताना राजाने वाटेवरच्या बेहड्याची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून सांगितली. नलाने रथ थांबवला, खाली उतरून मोजदाद केली आणि आकडा बरोबर निघाला. मग राजाने त्याला अक्षहृदय म्हणजे फाशांचे मर्म शिकवले, आणि त्याच क्षणी नलाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडून बेहड्याच्या झाडात गेला. नलाला इथे कोणी दटावत नाही. ज्या खेळाने त्याला बुडवले, त्याची गणना कशी चालते हे त्याला समजावून दिले जाते. आजचे मानसोपचारतज्ज्ञ ‘आता माझी पाळी येणारच’ हा समज रुग्णासमोर उकलून दाखवतात, ती रीत या कथेच्या फार जवळची आहे. पुढे कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नेमला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच वसूल करण्याची तरतूद केली. राज्याने जुगाराचा हिशेब ठेवला, जुगाऱ्याचा नाही.

तेराव्या शतकात मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, आपल्याला भडोचला घेऊन जातो. नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा भडोचपाशी समुद्राला मिळते. चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्यात, ते हरपाळदेव असताना, द्यूतात हरल्याची आणि देणे फेडायला पत्नीने दागिने न दिल्याची हकीकत महानुभावांनी सांगितली आहे. त्या प्रसंगातून त्यांना विरक्ती आली असे परंपरा मानते. आपल्या दैवताच्या आयुष्यातली ही गोष्ट अनुयायांनी झाकून ठेवली नाही, याचे मला मोठे अप्रूप वाटते. हरलेला माणूस संपलेला नसतो हे मराठीने आपल्या आरंभीच लिहून ठेवले.

इंग्रजी अमलात हा प्रश्न पोलिसांकडे गेला. १८८७ साली मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा झाला. जुगाराचा अड्डा चालवणारा तर गुन्हेगार ठरलाच, तिथे सापडलेला खेळाडूही ठरला. धाड पडायची, पत्ते आणि रोकड जप्त व्हायची, माणूस दंड भरून घरी यायचा आणि त्याचा नाद त्याच्यापाशीच राहायचा. स्वातंत्र्यानंतर मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर पैसे लागू लागले. ते भाव १९६१ मध्ये यायचे थांबले, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला. खानदेशचा शेतकरी कापूस पिकवत होता आणि त्याच पिकाच्या परदेशी भावावरून जन्मलेला ‘आकडा’ पुढे तालुक्याच्या गावांतही चिठ्ठीवर लिहिला जाऊ लागला. १९६९ मध्ये राज्याने स्वतःची लॉटरीही काढली.

आजच्या नंदुरबार जिल्ह्यात तोवर वेगळेच काही घडू लागले होते. ज्यांना आधुनिक व्यसनमुक्तीचा इतिहास लिहायचा आहे, त्यांनी तळोदा तालुक्यातल्या मोरवडला जरूर थांबावे. १९३०च्या दशकात संत गुलाम महाराजांनी इथे ‘आप’ पंथ उभा केला. भिल्ल समाजाची माणसे सोमवारच्या आरतीला हजारोंनी जमत, दारू सोडत आणि लहानथोर सगळे एकमेकांना ‘आप’ म्हणत. ज्यांना सावकार आणि अंमलदार अरेतुरे करत, त्यांना इथे आदराने हाक मिळत होती. महाराज १९३८ मध्ये गेले, पण ती चळवळ थांबली नाही. १९७२च्या सुमारास आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज यांच्या आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यात शहादा परिसरातल्या आदिवासी स्त्रियांनी दारूच्या भट्ट्यांवर चाल केली. हा लढा जुगाराविरुद्ध नव्हता, हे मला मान्य आहे. तरी व्यसन सोडायला माणसाला मान आणि सोबत लागते, हे नंदुरबारने कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय ओळखले होते.

दूरदेशीही तेच उमगत होते. १९३५ मध्ये अमेरिकेत मद्यपी एकमेकांना आधार देऊ लागले आणि त्याच धर्तीवर १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला जुगाऱ्यांची पहिली सभा भरली. १९५३ मध्ये लंडनचे धर्मोपदेशक चॅड व्हारा यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन उचलायला सुरुवात केली. फोनवरून दिलासा देण्याची आजची रीत तिथून फुटते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कस्टर यांनी ओहायोत जुगाऱ्यांना रुग्णालयात दाखल करून घेतले आणि १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारांच्या वर्गीकरणात जुगाराचे नाव आले. आपल्याकडे २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उघडले. त्यामागे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचे पाठबळ होते. घरे गर्दच्या नशेने पोखरली जात असताना व्यसनी माणसाशी मायेने बोलता येते हे मुक्तांगणने महाराष्ट्राला दाखवले.

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतर सहा वर्षांत यूपीआय आले, डेटा स्वस्त झाला, आणि ओळखपत्र, बँक आणि बाजार एका फोनमध्ये आले. जुगाराचा अड्डाही मागोमाग त्याच फोनमध्ये आला. नंदुरबारच्या मिरचीची पट्टी खात्यात पडली की ती उडवायला आता घराबाहेर पडावे लागत नाही, आणि शेजारच्या खाटेवर झोपलेल्या बायकोलाही पत्ता लागत नाही. पूर्वी अड्ड्यावर जाणारा निदान कोणाला तरी दिसत असे.

उपचारही त्याच वाटेने येत होता. २००८ मध्ये स्वीडनच्या पेर कार्लब्रिंग यांनी ६६ जुगाऱ्यांना आठ आठवडे इंटरनेटवरून धडे आणि आठवड्याला एक छोटा फोन एवढ्यावर उपचार दिले आणि त्याचा गुण आला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ला तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ क्लिनिक निघाले. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागत असतानाच, दूरवैद्यकाची नियमावली आली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

असे समुपदेशन जवळून पाहिले तर त्यात गूढ काही नसते. समुपदेशक आधी यूपीआयचा इतिहास उघडायला सांगतो आणि नोंदी मोठ्याने वाचायला लावतो. रात्री दीड वाजता पाचशे, दहा मिनिटांनी हजार, मग दोन हजार. हरलेले भरून काढायच्या धावपळीत रक्कम कशी वाढत गेली, हे माणूस प्रथमच स्वतःच्या तोंडून ऐकतो. मग उधारी कोणाकोणाची, याची यादी होते, एकही नाव न लपवता. काही महिने पैशांचा व्यवहार घरच्या विश्वासू माणसाकडे द्यायचा. अ‍ॅप काढायचे, व्यवहाराची मर्यादा खाली आणायची. तलफ आली की वीस-तीस मिनिटे काढायची, कारण बहुतेकदा ती तेवढ्यात ओसरू लागते. पुन्हा खेळलाच, तर लपवायचे नाही, पुढच्या फोनवर सांगायचे. मनात मरणाचे विचार असतील तर थांबायचे नाही, त्याच क्षणी फोन करायचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. १८८७ नंतर १३८ वर्षांनी निदान ऑनलाइन खेळणाऱ्याला गुन्हेगारांच्या रांगेतून बाहेर ठेवले गेले, हे मी या मागोव्यातले मोठे वळण मानतो. मात्र बंदीने अ‍ॅप बंद होते, तलफ राहते आणि देणेही राहते. धडगाव-मोलगीच्या डोंगरात अनेक पाड्यांवर फोनला रेंज मिळत नाही, आणि एका खोलीच्या घरात मोकळेपणाने बोलायला आडोसा नसतो. ग्रामीण रुग्णालयात किंवा आरोग्य उपकेंद्रात दार लावून बसता येईल अशी एक खोली, चालणारे नेट, आणि पलीकडून भिली, पावरी किंवा अहिराणीत ‘आप बोला’ म्हणणारा समुपदेशक, एवढे या जिल्ह्यात उभे करायला हवे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून त्या खोलीत घरधनिणीसाठीही खुर्ची हवी.