फळीमागची जागा

जयपूरच्या सोडाल्यातल्या माझ्या गोदामाचं शटर ओढलं की पहिल्यांदा टाळी वाजवतो. सव्वीस वर्षांची सवय आहे. बाहेर अजमेर रोडचे हॉर्न, आत भिंतीला टेकवलेल्या भोकांच्या फळ्या आणि रॉकवूल म्हणजे दगडी लोकरीचे गठ्ठे. गठ्ठे बाहेर गेले असले की टाळी खणखणते. माल भरलेला असला की टाळी हातातच विरते. आज किती माल शिल्लक आहे हे मला वहीआधी कान सांगतात.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “आवाज खाणारं लाकूड द्या.” गेल्या वर्षी एका मंगल कार्यालयाच्या मालकांना मी परोपरीनं सांगितलं, पण हॉल अरुंद होईल म्हणून त्यांनी सगळ्या फळ्या सरळ भिंतीला चिकटवून घेतल्या. ढोल वाजला की अजून तिथे छातीत घुमतं. नुसत्या लाकडात आवाज खाण्याची ताकद फारशी नसते. ती असते फळीच्या मागे. आवाज म्हणजे हवेचं हेलकावणं, आणि भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलतच नाही. मग तिथे ठेवलेलं रॉकवूल कशाला अडवणार? सेकंदाला शंभर कंपनं असलेला ढोलाचा घुमारा घ्या, त्याची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे भिंतीपासून बरंच दूर गेल्यावरच हवा जोरानं हलते. म्हणून भिंतीवर आधी लाकडी चौकट उभी करायची, थोडी पोकळी सोडायची, मग रॉकवूल आणि त्यावर भोकांची फळी. भोकातली हवा आणि मागची पोकळी मिळून बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी डोलतात, आणि त्या डोलण्यात घुमारा झिजतो.

पण प्रत्येक ठिकाणी आवाज खायचाच असतो असं नाही. मी कोल्हापूरचा. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकं पाहिली. शाहू महाराजांनी 1915 साली ते पॅलेस थिएटर म्हणून उभं केलं, तेव्हा माईक नव्हता. नटानं घेतलेली तान शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचवायचं काम वास्तूलाच करावं लागे. अशा ठिकाणी आवाज थोडा रेंगाळलेला हवाच असतो, त्यानं गाण्याला अंग येतं. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री ते नाट्यगृह जळताना मी इथे जयपुरात फोनवर पाहिलं. ज्यांच्या नावाचं ते नाट्यगृह, त्या गायक-नट केशवरावांची जयंती दुसऱ्या दिवशी होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

जयपुरातही असं एक नाट्यगृह होतं. महाराजा सवाई रामसिंहांनी 1870च्या दशकाच्या अखेरीस परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीच्या, आत रामप्रकाश थिएटर बांधलं. पुढे त्याचंच सिनेमागृह झालं. वास्तू तीच, पण तिच्याकडून मागणी अगदी उलटी. 1931 साली गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडद्यातून आवाज यायला लागला. तो मुळातच कर्ण्यातून मोठा होऊन येतो, त्यावर वास्तूनं आपला रेंगाळणारा आवाज चढवला की संवाद एकमेकांत चिकटतात. नाटकाला गुणाचा होता तोच रेंगाळ बोलपटाला दोष ठरला.

हा रेंगाळ मोजायची रीत मात्र आधीच सापडली होती. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. 1895 साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते दुरुस्त करायचं काम आलं. तो रात्री शेजारच्या सॅंडर्स थिएटरातल्या गाद्या उचलून आणी, एकेक वाढवत आवाज किती वेळात विझतो ते मोजी, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागेवर ठेवी. खोलीचं आकारमान वाढलं की रेंगाळ वाढतो, शोषणारा पृष्ठभाग वाढला की घटतो, हे गणित त्या गाद्यांतून निघालं. आम्ही आजही तेच मांडतो.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं, ते चित्रपटगृहांचे रचनाकार वामन नामजोशी. मुंबईत मरीन लाइन्सजवळ लिबर्टी चित्रपटगृह बांधायला घेतलं तेव्हा त्याचे वास्तुविशारद रिडली ॲबट होते. ते विमान अपघातात गेले. मग अंतर्भाग नामजोशींनी घडवला, आणि 1949 साली ‘अंदाज’ने ते उघडलं. मी लिबर्टीत पहिल्यांदा गेलो तेव्हा सिनेमा कुठला होता ते आठवत नाही, भिंती आठवतात. उभ्या खाचांचं सागवान. खाचांनी आवाजाचे तुकडे होऊन तो विखुरतो, समोरच्या भिंतीवरून सबंध उलटून येत नाही. नक्षी म्हणून बघणाऱ्यालाही ते सुंदरच दिसतं.

त्याच नामजोशींनी जयपुरात भगवानदास रोडवर राजमंदिर हे चित्रपटगृह उभारलं. 1966 साली पायाभरणी, 1976 साली ‘चरस’चा पहिला खेळ, सुमारे तेराशे खुर्च्या. बाहेरून सगळी वळणंच वळणं, आणि आत शिरलं तरी सरळ सपाट भिंत शोधावी लागते. लोक छतामागून झिरपणारे दिवे बघत बसतात. मी दर वेळी त्या वळणांकडे बघतो, कारण समोरासमोर दोन सपाट भिंती आल्या की टाळी त्यांच्यात टपटपत राहते, आणि वाकलेला पृष्ठभाग ते होऊ देत नाही. इथल्या कुणालाही विचारा, राजमंदिर सगळ्यांना पाठ आहे. ते एका मराठी माणसानं रेखाटलं हे मात्र इथल्या आमच्या मराठी घरांतही फार थोड्यांना ठाऊक आहे. मला ते सांगायला आवडतं.

माझ्याकडचे मिस्त्री जांगीड, पिढीजात सुतार. पहिल्या कामात त्यांना फटीचा राग यायचा, कारण सांधा बेमालूम बसवणं हाच त्यांचा अभिमान. परवा एका स्टुडिओत नवीन पोरगा चौकट भिंतीला दाबून ठोकायला निघाला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला, मधे आपली मूठ आडवी घातली आणि म्हणाले, “इतनी जगह छोड. काम यहीं होगा.”