डिओच्या बाटलीतला रणगाडा

मंडळी, या शनिवारी कोड नाही, डेटाबेस नाही, ऑफिसची रडगाणी नाहीत. आज फक्त रणगाडे. तेही खोटे, तळहातावर मावणारे, आणि अजून न झालेल्या युद्धांतले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका मोठ्या टेबलावर टेकड्या, पडक्या इमारती मांडायच्या. दोन्ही बाजूंना साधारण २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक. इंचांत मोजून ते पुढे सरकवायचे आणि फासे टाकून गोळी लागली की हुकली ते ठरवायचं. याला म्हणतात टेबलटॉप वॉरगेमिंग. युद्ध विज्ञानकथेतलं असेल तर सैनिकांबरोबर हवेत तरंगणारे रणगाडे आणि चिलखती गाड्याही लागतात. त्या विकत मिळतात, आणि चांगल्याच महाग मिळतात. पण या छंदात एक जमात अशी आहे जी गाडी विकत घेत नाही, किंवा घेतलीच तर आधी तिच्यावर करवत चालवते. हाताला लागेल त्यातून पहिल्यापासून गाडी उभी करणं म्हणजे स्क्रॅचबिल्ड. तयार गाडी कापून-जोडून तिची दुसरीच गाडी करणं म्हणजे कन्व्हर्जन. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पहिलं नवं प्रोजेक्ट, दुसरं म्हणजे दुसऱ्याच्या कोडवर आपला पॅच :)

बहुतेकांना वाटतं की आधी कंपन्यांनी गाड्या काढल्या आणि मग काही खटपट्या लोकांनी त्या कापायला सुरुवात केली. माझं वाचन जसजसं वाढलं तसतसं मला उलटं दिसायला लागलं. आधी खटपट होती, कंपनी मागून आली.

सुरुवात एच. जी. वेल्सपासून करू. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'वाला वेल्स. डिसेंबर १९०३मध्ये 'स्ट्रँड' मासिकात त्याची 'द लँड आयर्नक्लॅड्स' ही कथा आली. तिच्यात खंदक ओलांडून जाणारी प्रचंड चिलखती वाहनं आहेत. खरे रणगाडे रणांगणावर पहिल्यांदा उतरले १५ सप्टेंबर १९१६ला, सोमच्या लढाईत. म्हणजे हा माणूस तेरा वर्षं पुढे होता. याच वेल्सनं १९१३मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं, खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांशी नियम पाळून लढाई कशी खेळायची याचं. प्रशियाच्या सैन्यात 'क्रीगस्पील' नावाचा युद्धखेळ १८२४पासून होता, पण तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी. घरच्या जमिनीवर मांडायचा खेळ लोकप्रिय केला तो वेल्सनं.

आता गंमत बघा. 'लिटल वॉर्स'मध्ये पायदळ आहे, घोडदळ आहे, स्प्रिंगनं लाकडी गोळी उडवणाऱ्या ब्रिटन्स कंपनीच्या तोफा आहेत. चिलखती वाहन मात्र नाही! ज्यानं ते कल्पनेत पाहिलं त्याच्याच खेळात ते नाही. माझा आपला अंदाज असा की वेल्स दुकानात जे मिळेल त्यावर खेळत होता, आणि दुकानात तसलं खेळणंच नव्हतं. एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन बंदुका चिकटवल्या असत्या तर इतिहास बदलला असता. असो.

हे वाचताना आपल्या मराठी माणसाला दिवाळीतला किल्ला आठवल्याशिवाय राहत नाही. दगड-विटा, पोतं, वर चिखल, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरलेली. सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे. आणि पायथ्याशी हमखास एक हिरवा प्लॅस्टिकचा रणगाडा, शेजारी एखादं हेलिकॉप्टर. पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच, गाय रणगाड्याएवढी. आमच्या कॉलनीत तरी कुणी त्यावर आक्षेप घेतल्याचं आठवत नाही. हा वॉरगेम नव्हे हे मला मान्य आहे, कारण त्यात समोर शत्रू नाही आणि फासे नाहीत. पण घरात जे आहे ते घेऊन रणभूमी उभी करण्याची सवय आपल्याला वेल्सनं शिकवलेली नाही एवढं नक्की.

पुढचं मोठं वळण आलं ते सिनेमावाल्यांमुळे. 'थंडरबर्ड्स' (१९६५) ही ब्रिटिश मालिका, मग 'स्टार वॉर्स' (१९७७). स्टार वॉर्सची यानं बनवणाऱ्यांनी बाजारातले रणगाड्यांचे, विमानांचे, जहाजांचे प्लॅस्टिक किट शेकड्यांनी विकत आणले आणि त्यांचे सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवले. एखाद्या जर्मन रणगाड्याचं झाकण अंतराळयानाच्या पाठीवर जाऊन बसलं. याला किटबॅशिंग म्हणतात. कुठल्या भागाचं काम काय ते कुणालाच माहीत नाही, पण डोळ्याला ते 'यंत्र' वाटतं. लाखो पोरांनी ते पाहिलं आणि त्यांना कळलं की भविष्य हे भूतकाळाच्या भंगारातून बनवता येतं.

त्यातलीच काही पोरं मोठी होऊन इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉपकडे आली. १९८७मध्ये रिक प्रीस्टलीनं लिहिलेला 'वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर' हा खेळ निघाला. काळ सुमारे अडतीस हजार वर्षांनंतरचा, सैनिक धातूचे आणि प्लॅस्टिकचे. पण गाड्या? नियमांत होत्या, दुकानात जवळजवळ नव्हत्या. मग त्याच कंपनीच्या 'व्हाइट ड्वार्फ' मासिकानं वाचकांना सांगितलं की बनवा! डिओडरंटच्या रिकाम्या डब्यापासून तरंगता रणगाडा कसा करायचा हे तिथे छापून आलं. आज तो 'डिओ रणगाडा' या छंदातली दंतकथा आहे. लोक हसतात, पण प्रेमानं.

मला तो डबा फार महत्त्वाचा वाटतो. डिओच्या डब्याला मोजमाप नसतं. तो पाच सेंटिमीटरचाही असेल आणि पाच मीटरचाही. त्याच्यावर एक सेंटिमीटर रुंदीचं गोल झाकण बसवलं की डोळा लगेच हिशोब करतो: यातून २८ मिलिमीटरचा माणूस आत जाईल, म्हणजे ही वस्तू गाडीएवढी आहे. शिडी, दरवाजा, रिव्हेट, कठडा. माणसाच्या शरीराशी ज्यांचा संबंध येतो अशा तीन-चार गोष्टी बरोबर मापात असल्या की बाकी सगळा डबा खपून जातो. रिव्हेटसाठी लोक मोहरी वापरायला सुचवतात. ते चूक आहे. २८ मिलिमीटरचा सैनिक म्हणजे साधारण १:६० प्रमाण. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या गाडीवर दहा सेंटिमीटरचा रिव्हेट. राजगिरा घ्या.

१९८८मध्ये कंपनीनं प्लॅस्टिकची चिलखती गाडी काढली. नाव 'ऱ्हायनो', म्हणजे गेंडा. चौकोनी, बिनडोक, बिस्किटाच्या पुड्यासारखी. आणि पुढे तिच्याच सांगाड्यावर तोफ बसवून 'प्रेडेटर' झाला, रॉकेटं बसवून 'व्हर्लविंड', मोठ्ठी तोफ बसवून 'व्हिंडिकेटर'. म्हणजे कन्व्हर्जन आता कंपनीच करायला लागली. का, ते संभाजीनगरच्या माणसाला समजवायला नको. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ज्यांचं कुणी काम करतं त्यांना माहीत आहे की प्लॅस्टिकच्या धंद्यात माल स्वस्त असतो, महाग असतो तो साचा. आपल्याकडे इंडो-जर्मन टूल रूम ही अख्खी संस्था डाय आणि मोल्ड बनवायला शिकवते. पोलादाचा साचा एकदा कोरला की तो बदलणं जिवावर येतं, म्हणून त्याच सांगाड्यातून होतील तेवढ्या गाड्या काढायच्या. कथेतही मग लिहून टाकलं की मानवजात जुन्याच आराखड्यांवर अडकली आहे. साच्याच्या खर्चाला इतकं सुंदर तत्त्वज्ञान दुसऱ्या कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

गेंड्यावरून आठवलं. चाकाचा गेंडा आपल्याकडे फार जुना आहे. प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे १९७४मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोंच्या वर. गेंड्याखाली भरीव चाकं आहेत. हत्तीच्या चौथऱ्याला आसासाठी भोकं आहेत, पण चाकं हरवलेली. काळाबद्दल विद्वानांत वाद आहे. उत्तर हडप्पा काळ धरला तर सुमारे चार हजार वर्षं. रथ ४५ सेंटिमीटर लांब आणि त्यातला उभा सारथी १६ सेंटिमीटरचा, म्हणजे ढोबळ मानानं १:१० प्रमाण. ही खेळणी होती असं मी म्हणत नाही, साठ किलोंची खेळणी कोण देतं पोरांना? मिरवणुकीतल्या पूजेच्या वस्तू असाव्यात असं एक मत आहे. पण रथ हे खरं वाहन, आणि चाकावरचा गेंडा हे जगात कुठेच नसलेलं वाहन. ज्यानं तो केला त्यानं एक ओळखीचा प्राणी आणि एक ओळखीचं यंत्र घेतलं आणि जोडून टाकलं. माझ्या दृष्टीनं हे कन्व्हर्जनच. कुणाला पटलं नाही तर सोडून द्या.

परत चाळीस हजारात जाऊ. त्या खेळात ऑर्क नावाची एक हिरवी, दांडगी जमात आहे. त्यांच्या गाड्या म्हणजे शत्रूकडून लुटलेल्या गाड्यांना पत्रे ठोकून केलेलं कडबोळं. लुटलेल्या गाडीचे नियमच पुस्तकात होते. त्यामुळे ऑर्क खेळणाऱ्याला मोकळं रान: खेळण्यातला ट्रक, मोडका रेडिओ, काहीही चालतं. त्यांची एक श्रद्धा आहे की लाल रंग दिला की गाडी जास्त पळते. आपल्या एसटीचा त्यांना अनुभव नसावा.

पण कंपनी मोठी झाली तशी हवा बदलली. डिओचा डबा कापायला शिकवणारी हीच कंपनी पुढे आपल्या अधिकृत स्पर्धांत फक्त आपलीच मॉडेलं चालतील म्हणू लागली. डिसेंबर २०१०मध्ये तिनं चॅप्टरहाउस स्टुडिओज या छोट्या अमेरिकन कंपनीवर दावा लावला. चॅप्टरहाउस काय विकायची? गेम्स वर्कशॉपच्या गाड्यांना आणि सैनिकांना बसणारे सुटे भाग. गेंड्याला लावायचे दरवाजे वगैरे. आपण ज्याला प्लगिन म्हणू ते. शिवाय ज्यांचे नियम पुस्तकात आहेत पण मॉडेल कंपनीनं कधी काढलंच नाही, अशा गोष्टींचे भागही. जून २०१३मध्ये ज्यूरीचा निकाल आला: काही मुद्दे यांचे, काही त्यांचे, भरपाई २५ हजार डॉलर. एवढ्यासाठी अडीच वर्षं!

परिणाम मात्र मोठा झाला. त्यानंतरच्या पुस्तकांतून, ज्याचं मॉडेल विकायला नाही त्याचे नियम गळायला लागले. खेळणारे याचा संबंध थेट त्या खटल्याशी जोडतात आणि मलाही ते पटतं. पूर्वी नियम म्हणजे आमंत्रण होतं: असं एक वाहन आहे, कसं दिसतं ते तुम्ही ठरवा. आता आधी खोकं, मग नियम. इथे माझी सहानुभूती कुठे आहे हे सांगायला नको. कंपनीनं आपली कला जपावी, जरूर जपावी. पण जो खेळ लोकांच्या कचऱ्याच्या डब्यातून उभा राहिला त्यानं त्या डब्यावर कुलूप लावायला जाऊ नये.

आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी टोचतो. खेळण्यांवरची आयात कस्टम ड्यूटी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३मध्ये ७०. १ जानेवारी २०२१पासून बीआयएसचं प्रमाणपत्रही खेळण्यांना सक्तीचं झालं. देशी उद्योगाला त्याचा फायदा झालाही असेल. पण महिन्याचा हप्ता भरून उरलेल्या पैशांत परदेशी रणगाडा घेणं म्हणजे चैन. आणि देशी म्हणावं तर आपल्या पिढीला ठाऊक आहे ते फनस्कूल. त्यांनी गोव्यात जी. आय. जोची बाहुली आणि गाड्या बनवल्या, आणि त्यांचे भलतेसलते रंग आज परदेशातले संग्राहक शोधत फिरतात. पण तो जो पावणेचार इंची, म्हणजे ९५ मिलिमीटर. आपल्या सैनिकाच्या साडेतीनपट. त्याची गाडी आपल्या टेबलावर बंगल्याएवढी दिसते. बंदुका, क्षेपणास्त्रं तेवढी कापून घ्यावीत.

त्यातल्या त्यात सोयीचा निघाला 'गॅसलँड्स', २०१७मध्ये ऑस्प्रेनं छापलेला, माइक हचिन्सनचा खेळ. यात कंपनी गाड्या विकतच नाही. हॉट व्हील्स, मॅचबॉक्स अशा खेळण्यातल्या मोटारी घ्या, त्यांना पत्रे आणि बंदुका चिकटवा आणि उजाड झालेल्या जगात एकमेकांवर घाला. म्हणजे तीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा डिओच्या डब्याकडे आलं.

सामानाचं म्हणाल तर परदेशी लोक पॉलिस्टायरीनचे पातळ पत्रे वापरतात, ते इथे शोधत बसू नका. औरंगपुऱ्यात स्टेशनरीच्या दुकानात सनबोर्ड मिळतो. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मोडकी खेळणी, घड्याळं, रेडिओचे भाग ढिगानं मिळतात, सकाळी लवकर जावं. किटचे भाग ज्या चौकटीला लटकलेले असतात ती चौकट (मोल्डिंगवाले तिला रनर म्हणतात) कधीच फेकायची नाही. मेणबत्तीवर गरम करून हळूच ओढली की केसासारखी अँटेना होते. थर्माकोल वापरलात तर स्प्रे मारण्याआधी फेविकॉलचा हात द्या, नाहीतर रंगातलं सॉल्व्हंट तो खाऊन टाकतं.

सध्या माझ्या टेबलावर एक खेळण्यातली रिक्षा आहे. वाळूजला बजाजच्या खऱ्या रिक्षा बनतात, तेव्हा भविष्यातलं संभाजीनगर रिक्षाशिवाय कसं चालेल? तिन्ही चाकं काढली आहेत, खाली पेनाच्या टोपणांचे चार जेट बसवलेत. मीटर ठेवायचं की तिथे मशिनगन बसवायची यावर घरात दोन तट पडलेत.