रावपुऱ्यातला तांबेकर वाडा

बडोद्याला पाहुणे आले की आपण त्यांना हौसेने लक्ष्मी विलास राजवाडा दाखवतो. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा मात्र बहुधा राहूनच जातो. आपल्या मराठी मंडळींनी इथे घरे कशी बांधली, हे जाणून घ्यायचे तर तोच पाहायला हवा.

हा चौमजली वाडा भाऊ तांबेकरांचा. गणपतराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८४९ ते १८५४ या काळात ते बडोदे राज्याचे दिवाण होते. जुन्या वाड्यांचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. म्हणून घर किती मोठे, हे खणांत सांगत. चौकातून उजेड आणि वारा आत येई.

तांबेकर वाड्याचे खरे वैभव त्याच्या भिंतींवरील एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत आहे. त्यांत कृष्णलीला आहेत, महाभारत आहे आणि इंग्रज-मराठा युद्धाचे प्रसंगही आहेत. देवाधर्माबरोबर नुकताच घडलेला इतिहासही त्या घराने भिंतीवर जपला.

हा वाडा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. आपल्या साध्या वाड्यांना असे संरक्षण नव्हते. वाटण्या झाल्या, डागडुजी झेपेना, आणि आपण फ्लॅटमध्ये आलो. त्यात दोष कुणाचाच नाही. पण ज्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांनी निदान छायाचित्रे काढावीत, खण मोजून नकाशा करावा, कोणती खोली कशासाठी होती हे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे. वाडा गेला तरी एवढे तरी पुढच्या पिढीच्या हाती राहील.