हौशी रेडिओ उपग्रह पुरस्कार

हौशी रेडिओ उपग्रह पुरस्कार म्हणजे कृत्रिम उपग्रहांच्या माध्यमातून ठरावीक संख्येने द्विमार्गी संपर्क साधणाऱ्या परवानाधारक हौशी रेडिओचालकांना (हॅमना) दिली जाणारी प्रमाणपत्रे होत. हे पुरस्कार प्रामुख्याने अमेरिकन रेडिओ रिले लीग आणि ॲमसॅट या संस्था देतात. ते रोख रकमेचे नसतात. किती देश, राज्ये किंवा भौगोलिक चौकटींशी संपर्क झाला आणि त्याची दुसऱ्या बाजूने पुष्टी मिळाली का, यावर ते अवलंबून असतात. कोणत्या ठिकाणाहून कोणता पुरस्कार मिळवणे शक्य आहे, हे चालकाच्या कौशल्याइतकेच उपग्रहाच्या कक्षेच्या उंचीवरही ठरते.

पार्श्वभूमी

पहिला हौशी उपग्रह ऑस्कर १ हा १२ डिसेंबर १९६१ रोजी सोडण्यात आला. तो केवळ मोर्स संकेत प्रक्षेपित करत असे. त्याच्याद्वारे दोन व्यक्तींना संभाषण करता येत नव्हते. मार्च १९६५ मधील ऑस्कर ३ या उपग्रहावर संदेश ग्रहण करून पुन्हा प्रक्षेपित करणारा ट्रान्सपॉन्डर होता आणि त्यामुळे उपग्रहामार्फत द्विमार्गी संपर्क सुरू झाले. ॲमसॅट ही संस्था १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे स्थापन झाली.

१५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेल्या ॲमसॅट-ऑस्कर ७ चे काम १९८१ मध्ये विद्युतघटातील बिघाडामुळे थांबले. मात्र २००२ मध्ये तो पुन्हा संकेत देताना आढळला. त्यानंतर तो सौरपट्ट्यांवर ऊन पडते तेव्हाच काम करू लागला.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट हा हौशी उपग्रह सोडला. त्यावर एक भारतीय आणि एक डच बनावटीचा असे दोन ट्रान्सपॉन्डर होते. त्याची सेवा जुलै २०१४ मध्ये संपली.

प्रमुख पुरस्कार

* डीएक्ससीसी (उपग्रह): लीगच्या यादीतील किमान १०० देशांशी अथवा स्वतंत्र भूप्रदेशांशी संपर्क. या यादीत भारत, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे तीन वेगवेगळे घटक मानले जातात.
* व्हीयूसीसी (उपग्रह): १०० भिन्न चौकटींशी संपर्क. सर्व संपर्क परस्परांपासून २०० किलोमीटरच्या आतील ठिकाणांहून केलेले असावे लागतात.
* सर्व राज्ये (उपग्रह): अमेरिकेतील सर्व ५० राज्यांशी संपर्क.
* ॲमसॅटचे पुरस्कार: पहिल्या उपग्रह संपर्कासाठी सॅटेलाइट कम्युनिकेटर्स क्लबचे प्रमाणपत्र मिळते. पुढे राज्ये, प्रांत आणि देश मिळून २०, ६० व १०० असे टप्पे आहेत.
* ग्रिडमास्टर: अमेरिकेच्या सलग भूभागातील ४८ राज्ये व्यापणाऱ्या सर्व ४८८ चौकटींशी संपर्क.

चौकटींची पद्धत

चौकट ही मेडनहेड प्रणालीतील एकक असून ती रेखांशाचे २ अंश आणि अक्षांशाचा १ अंश व्यापते. पृथ्वीवर अशा एकूण ३२,४०० चौकटी आहेत. चौकटी प्रशासकीय सीमा पाळत नाहीत. १९ अंश उत्तर अक्षवृत्त मुंबईतून जात असल्याने कुलाबा एमके६८ या चौकटीत, तर अंधेरी एमके६९ मध्ये येते. याउलट पुणे शहराचा बहुतांश भाग कुलाब्याच्याच चौकटीत मोडतो.

काही चौकटींमध्ये वस्ती नगण्य असते. अशा ठिकाणी हातातील अँटेना आणि छोटे संच घेऊन जाणाऱ्या चालकांना ‘रोव्हर’ म्हणतात. टेक्सासच्या बिग बेंड परिसरातील डीएल८८ या चौकटीत अमेरिकी भूमीचा अगदी लहान तुकडा येतो. तेथे कोणी प्रत्यक्ष गेल्याशिवाय इतरांचा ग्रिडमास्टर पूर्ण होऊ शकत नाही. त्यामुळे वैयक्तिक दिसणारा हा पुरस्कार दुसऱ्याच्या प्रवासावर अवलंबून असतो.

कक्षेची मर्यादा

उपग्रह दोन्ही स्थानकांच्या क्षितिजावर एकाच वेळी असेल तरच संपर्क होतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकामार्फत साधता येणारे कमाल अंतर भूमितीनुसार सुमारे ४,४०० किलोमीटर असते. सुमारे १,४५० किलोमीटर उंचीवरील ॲमसॅट-ऑस्कर ७ मार्फत ते ७,९०० किलोमीटरच्या जवळपास जाते. मुंबईहून पहिल्याच्या टप्प्यात सिंगापूर येते, दुसऱ्याच्या टप्प्यात लंडनही येऊ शकते. न्यूयॉर्क मात्र दोन्हींच्या बाहेर राहते. म्हणून सर्व राज्यांचा पुरस्कार केवळ निम्न कक्षेतील उपग्रहांवरून भारतातून मिळवणे शक्य नाही.

१९८३ मधील ऑस्कर १० आणि १९८८ मधील ऑस्कर १३ हे अतिलंबवर्तुळाकार कक्षेतील उपग्रह कार्यरत असताना आंतरखंडीय संपर्क शक्य होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या कतार-ऑस्कर १०० या भूस्थिर उपग्रहाचे क्षेत्र ब्राझीलपासून थायलंडपर्यंत असून त्यात भारत येतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने मात्र त्यात येत नाहीत.

संपर्काची पद्धत

निम्न कक्षेतील उपग्रह एका फेरीत साधारणपणे १० ते २० मिनिटेच उपलब्ध असतो. त्याच्या वेगामुळे डॉप्लर परिणाम होऊन ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्झपर्यंत सरकते आणि चालकाला ती सतत जुळवावी लागते. संपर्कात सहसा परस्परांचे कॉल साइन आणि चौकट सांगितली जाते.

एफएम उपग्रहावर एका वेळी एकच संभाषण होऊ शकते. डिसेंबर २००२ मध्ये सोडलेला सौदी-ऑस्कर ५० हा या प्रकारचा आहे. रेषीय ट्रान्सपॉन्डरवर अनेक संभाषणे एकत्र चालतात, परंतु एकाने अवाजवी शक्ती वापरल्यास इतरांचे संकेत क्षीण होतात. म्हणून कमीत कमी शक्ती वापरणे, स्वतःचा परत येणारा संकेत ऐकत राहणे आणि नवख्या किंवा दुर्मीळ चौकटीतील स्थानकाला वाट देणे हे संकेत पाळले जातात.

पुष्टी

दुसऱ्या बाजूची पुष्टी नसल्यास संपर्क पुरस्कारासाठी ग्राह्य धरला जात नाही. पूर्वी ही पुष्टी टपालाने येणाऱ्या क्यूएसएल कार्डाद्वारे होत असे. २००३ पासून लीगच्या लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या संगणकीय प्रणालीत दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात. नोंदीत उपग्रहाचे नाव आणि ‘उपग्रह’ हा प्रसारणप्रकार दोघांनीही भरणे आवश्यक असते. एकाने तो वगळल्यास प्रत्यक्षात झालेला संपर्कही उपग्रह पुरस्काराच्या मोजणीत येत नाही. उपग्रह बंद पडल्यानंतरही त्यावरून झालेल्या आणि पुष्टी मिळालेल्या संपर्कांची ग्राह्यता टिकते. हॅमसॅटवरील जुन्या नोंदींचे मूल्य त्यामुळे कायम आहे.