न उघडलेले एक कुलूप

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली एक लेख प्रसिद्ध केला. युनिक्स प्रणाली वापरणाऱ्यांचे ३,२८९ परवलीचे शब्द त्यांनी तपासले होते. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड निघाले, नाही तर शब्दकोशात किंवा नावांच्या याद्यांत सापडले.

सापडले ते कसे? युनिक्समध्ये परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवत नाहीत. त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळालेली सांकेतिक ओळ तेवढी ठेवतात आणि तिच्यावरून मूळ शब्द काढता येत नाही. म्हणून तपासणारा शब्दकोशातला एकेक शब्द घेतो, तीच प्रक्रिया करतो आणि ओळ जुळते का ते पाहतो. तयार तक्ता वापरून कोणी हे श्रम वाचवू नयेत म्हणून या दोघांनी प्रक्रियेत ४,०९६ पर्यायांपैकी एक आकडा मिसळला. त्याला नाव दिले चक्क 'मीठ'!

२०१४ साली युनिक्सच्या बर्कले आवृत्तीतली अशा ओळींची एक जुनी फाइल तपासली गेली. डेनिस रिची यांचा 'डीमॅक' उघडला. स्टीफन बोर्न यांनी तर स्वतःचे आडनावच ठेवले होते. थॉम्पसन यांचा शब्द मात्र उघडेना. लहान लिपीतली अक्षरे आणि अंक यांच्या साऱ्या जुळण्या कित्येक दिवस तपासूनही नाही.

चूक कुठे होती? प्रयोगशाळेत आपण आधी उपकरणावर संशय घेतो आणि माहीत असलेल्या द्रावणावर ते तपासतो. इथे ती तपासणी आपोआप झाली होती, कारण त्याच पद्धतीने इतरांची कुलपे उघडली होती. शब्द फार लांब असेल? तेही नाही, कारण ही प्रक्रिया पहिली आठच चिन्हे विचारात घेते. तेव्हा उणीव यादीतच होती. कळफलकावरची ९५ चिन्हे धरली, तर आठ जागांच्या जुळण्या सुमारे ६६ कोटी गुणिले १ कोटी होतात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सेकंदाला सुमारे ९३ कोटी जुळण्या तपासणाऱ्या ग्राफिक्स कार्डाने चार दिवसांहून अधिक काळ खपून उत्तर काढले: 'पी/क्यू२-क्यू४!'. बुद्धिबळ खेळणाऱ्या जुन्या मंडळींना हे वाचता येईल. वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे! जो काँडन यांच्याबरोबर थॉम्पसन यांनी घडवलेले 'बेल' हे यंत्र १९८० साली संगणकांच्या बुद्धिबळात जगज्जेते ठरले होते. त्यांच्या दृष्टीने ही अगदी साधी खेळी होती, पण ती कोणत्याही शब्दकोशात नव्हती.

बातमी कळल्यावर थॉम्पसन यांनी एकाच शब्दात अभिनंदन कळवले.