ओठांवरील ठिपके आणि आतड्यांतील अंकुर

मुरगावच्या बंदरातून गोमंतकाचा दूरदूरच्या देशांशी संबंध आला; तसाच तो वैद्यकविद्येच्या द्वारेही आला. पणजीस १८४२ साली पाश्चात्त्य पद्धतीची वैद्यकशाळा निघाली आणि १९६३ साली तिचेच गोवा मेडिकल कॉलेज झाले. परंतु ती शाळा निघाली त्या काळी मुरगावच्या एखाद्या बालकास शौचावाटे रक्त पडू लागले असते, तर त्याच्या आतड्याच्या अंतर्भागात काय दडले आहे हे पाहण्याचे साधन पणजीच्या वैद्यापाशी नव्हते; लंडनच्या वैद्यापाशीही नव्हते.

अशा रक्तस्रावाचे एक कारण म्हणजे पॉलिप, अर्थात आतड्याच्या अस्तरावर उगवणारा मांसल अंकुर. मुलांमध्ये तो बहुधा एकटा असतो, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात देठावर लोंबतो आणि वेदनेवाचून रक्त पाडतो. लोक त्यास मूळव्याध समजतात. हा एकटा अंकुर सहसा निरुपद्रवीच असतो. शास्त्राला कोड्यात टाकले ते विरळ प्रकारांनी.

लंडनमध्ये १८९५ साली दोन जुळ्या बहिणींच्या ओठांवर व तोंडात काळसर ठिपके असल्याची नोंद झाली. ठिपक्यांचे नवल वाटले. आतड्यांशी त्यांचे नाते मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. पुढे त्यांपैकी एक बहीण ऐन विशीत आतड्यात आतडे शिरून मरण पावली. १९२१ साली हॉलंडमधील प्यूट्झ या वैद्याने एका कुटुंबाच्या निरनिराळ्या पिढ्या पाहून दाखवून दिले की, ठिपके आणि अंकुर जोडीनेच वारशाने उतरतात. १९४९ साली अमेरिकेत जेगर्स, मॅक्युसिक व कात्झ यांनी दहा रुग्णांच्या आधारे तेच सिद्ध केले, आणि व्याधीस प्यूट्झ-जेगर्स हे नाव पडले. ज्यात बालवयीन अंकुर एक नव्हे, अनेक उगवतात, तो दुसरा आनुवंशिक प्रकार १९६४ साली वेगळा ओळखण्यात आला. १९९८ साली या दोन्ही व्याधींशी निगडित जनुके सापडली. अशा कुटुंबांत पुढील वयात कर्करोगाचा धोकाही अधिक असतो, हेही कळून चुकले.

उपचारांतही पालट झाला. पूर्वी आतड्यात खोलवर असलेला अंकुर काढण्यासाठी पोट उघडावे लागे. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये शिन्या व वुल्फ यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास टाकून मोठ्या आतड्यातील अंकुर पोट न उघडता काढून दाखविला.

ठिपके आधी दिसले, अर्थ मागाहून कळला. दरम्यान अर्धे शतक लोटले. आज तो अर्थ ठाऊक आहे. म्हणून मुलाच्या ओठांवरील काळे ठिपके तीट समजून कौतुकाने पाहण्याचे नव्हेत, आणि शौचातील रक्त लाजेने झाकण्याचे नव्हे. त्या जुळ्या बहिणींच्या काळी जे कोणास उमगले नाही, ते आज मुरगावच्या एखाद्या सावध मातेच्याही प्रथम ध्यानी येऊ शकते.