कोल्हापूर : सार्वजनिक वाहनांनी एक दिवसाचे शहरदर्शन

दक्षिण महाराष्ट्रातील जिल्ह्याचे ठिकाण, पूर्वीच्या करवीर संस्थानची राजधानी आणि अंबाबाईचे क्षेत्र. पुण्यापासून सुमारे २३० किमी. अंतरावर, पंचगंगेच्या दक्षिण तीरावर वसले आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती यांचा संगम शहराजवळ प्रयाग चिखली येथे होतो. तिथून पुढच्या प्रवाहाला पंचगंगा म्हणतात. पाहुण्याच्या सोयीने शहर आणि परिसराचे तीन भाग पडतात. देवळाभोवतीचे जुने गाव पायी पाहण्याजोगे आहे. संस्थानी काळात उत्तरेला व पूर्वेला वाढलेल्या शहरासाठी महापालिकेची बस लागते, तर डोंगरावरच्या ठिकाणांसाठी एस.टी.

पोहोच

मिरज–कोल्हापूर लोहमार्ग कोल्हापूर संस्थानच्या मालकीचा होता. त्याची पायाभरणी १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाली. महाराज तेव्हा विद्यार्थिदशेतच होते. मार्ग १८९१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मिरजेहून येणारी गाडी इथे थांबते ती परत फिरण्यासाठीच, कारण पुढे रूळ नाहीत. स्थानकाचे नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे आहे. मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी येथे पोहोचते, त्यामुळे एका दिवसाच्या भेटीसाठी ती सोयीची पडते.

एस.टी.चे मध्यवर्ती बसस्थानक शाहूपुरीत, रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. गावात त्याला ‘सीबीएस’ किंवा नुसते ‘स्टँड’ म्हणतात. याखेरीज दोन स्टँड आहेत. राधानगरी व गगनबावड्याच्या बाजूच्या गाड्यांसाठी रंकाळा स्टँड आणि गारगोटीच्या बाजूसाठी संभाजीनगर स्टँड. ‘स्टँडवर सोडा’ एवढेच सांगितले, तर रिक्षावाला ‘कुठल्या?’ असे विचारतो, ते यामुळे. विमानतळ उजळाईवाडीला असून तो १९३९ मध्ये राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाला.

शहरातील वाहने

कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १२ ऑक्टोबर १८५४ रोजी झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. महापालिकेच्या परिवहन विभागाच्या बसला सगळे ‘केएमटी’ म्हणतात. पाहुण्याने लक्षात ठेवायचे मुख्य ठिकाण म्हणजे छत्रपती शिवाजी चौक. जुन्या गावाच्या तोंडाशी असलेल्या या चौकातून देऊळ, भवानी मंडप, बिंदू चौक आणि टाऊन हॉल ही सर्व ठिकाणे पायी गाठता येतात.

गावाला पूर्वी तट होता आणि त्याला गंगा, रंकाळा, वरुणतीर्थ, आदितवार, मंगळवार व शनिवार अशा सहा वेशी होत्या. तट गेला आणि वेशीही गेल्या. पण गंगावेस, रंकाळावेस ही नावे आजही पत्त्यांत आणि कंडक्टरच्या पुकाऱ्यात आहेत. तटाच्या बुरुजाचा अवशेष बिंदू चौकात पाहता येतो. तीन रस्ते मिळतात त्या जागेला इथे ‘तिकटी’ म्हणतात, उदा., मिरजकर तिकटी. थांब्याची चौकशी करताना अशाच खुणांची नावे कानावर येतात.

बसला वेळ असेल तिथे रिक्षा मिळते. आसपासच्या गावांकडे माणसे भरून जाणाऱ्या जीप व तत्सम गाड्यांना या भागात ‘वडाप’ म्हणतात. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून परतीची गाडी गाठायची असेल, तर वडापावर विसंबू नये.

सकाळ : देऊळ आणि जुना राजवाडा

दिवसाची सुरुवात अंबाबाईच्या देवळापासून करणे सोयीचे असते. देऊळ पहाटे उघडते आणि दिवस चढतो तशी रांग वाढत जाते. घडीव काळ्या दगडाचे हे मंदिर शक्तिपीठांपैकी एक मानले जाते. त्याचे बांधकाम चालुक्य–शिलाहार काळात टप्प्याटप्प्याने झाले. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी, तसेच नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात पोहोचतात. त्यास किरणोत्सव म्हणतात. एका दिवशी चरण, पुढच्या दिवशी त्याहून वर, असा किरणांचा प्रवास भक्त मोजत राहतात. महाद्वार रस्त्याच्या दिशेने झालेली बांधकामे आणि हवेतील धूळ यांमुळे काही वर्षी तो पुरा होत नाही.

देवळाशेजारी भवानी मंडप हे जुन्या राजवाड्याचे प्रवेशद्वार आणि छत्रपतींच्या कुलस्वामिनीचे, तुळजाभवानीचे, मंदिर आहे. पेंढा भरलेले वन्यप्राणी येथे ठेवले आहेत. मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाचा मुक्काम इथे ठरल्यापेक्षा लांबतो. जवळच गुजरीत सराफांची दुकाने आहेत. कोल्हापुरी साज घडवणारी पेठ ती हीच. चपलांसाठी ‘चप्पल लाईन’ आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील निवडक जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले.

भवानी मंडपापासून थोडे चालले, की खासबाग मैदान लागते. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले होते. त्या प्रवासात रोममधील प्राचीन प्रेक्षागाराचे अवशेष पाहून कुस्तीच्या या मैदानाची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक अशी रचना असल्याने, मागच्या प्रेक्षकालाही लढतीतला डाव दिसतो. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते जळाले. त्यानंतर त्याची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली.

न्याहारीला मिसळ हा इथला रिवाज आहे. कोल्हापुरात ती बहुधा ब्रेडबरोबर खातात आणि कट वेगळा मागून घेतात. पुढे चालायचे असल्यामुळे ती भरपेट खाण्यास हरकत नाही.

दुपार : टाऊन हॉल, नवा राजवाडा, कसबा बावडा

शिवाजी चौकातून भाऊसिंगजी रस्त्याने सीपीआर रुग्णालयाकडे चालत गेल्यास टाऊन हॉल लागतो. इमारत १८७२–७६ मधील, मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्याची. कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय १९४६ मध्ये स्थापन झाले आणि नंतर या इमारतीत आले. सोमवारी ते बंद असते, म्हणून एकच दिवस हाताशी असेल, तर सोमवार टाळावा.

संग्रहालयातील महत्त्वाचा ठेवा ब्रह्मपुरीचा आहे. पंचगंगेच्या काठावरील या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. ब्रह्मपुरीच्या कांस्यवस्तूंमध्ये समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे आणि इटलीच्या कंपानिया भागातील घडणीचे मानले जाणारे भांडेही आहे. सातवाहन काळात कोकणच्या बंदरांत उतरलेला रोमन माल सह्याद्रीचे घाट चढून या गावापर्यंत येत होता, हे त्यावरून समजते. मूर्ती आकाराने लहान आहे. मोठ्या शिल्पांच्या दालनातून घाईने जाणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते.

टाऊन हॉलपासून ब्रह्मपुरी आणि पंचगंगा घाट चालत गाठता येतात. दुसऱ्या दिशेला, कसबा बावड्याकडे जाणारी केएमटी नव्या राजवाड्याच्या परिसराजवळून जाते. नवा राजवाडाही मँटच्याच आराखड्याचा, १८७७–८४ मधील, काळ्या घडीव दगडाचा आणि मध्यभागी घड्याळाचा मनोरा असलेला. भारतीय व युरोपीय शैलींचे मिश्रण त्यात आहे. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय असून शस्त्रे, पोशाख, शिकारीचे नमुने व दरबार हॉल पाहता येतो.

मँटच्या हातची आणखी एक कोल्हापुरी वास्तू इटलीत, फ्लॉरेन्स येथे आहे. छत्रपती राजाराम महाराज (विमानतळाच्या काळातील राजाराम महाराजांच्या आधीचे, त्याच नावाचे) १८७० मध्ये इंग्लंडला जाऊन परतताना ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्समध्ये निधन पावले. तेव्हा ते २० वर्षांचे होते. हिंदू पद्धतीप्रमाणे आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन करण्यात आले. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारली गेली. छत्रीचा आराखडा मँटचा आणि आतील अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. जवळचा आर्नोवरचा १९७८ मधील पूल ‘भारतीयाचा पूल’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो.

नव्या राजवाड्यानंतर वेळ उरल्यास कसबा बावड्याला जावे. तिथल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. दुपारचे जेवण या टप्प्यात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खाणावळीत घेता येते. तांबडा रस्सा तिखट असतो. पांढरा नारळाच्या दुधाचा व सौम्य. पाहुण्याने पांढऱ्यापासून सुरुवात करावी.

संध्याकाळ : रंकाळा

रंकाळा तलाव जुन्या गावाच्या पश्चिमेला आहे. देवळाकडून रंकाळावेशीमार्गे तो चालत गाठता येतो. मूळची दगडाची खाण पुढे पाण्याने भरली, असे त्याच्याविषयी सांगतात. रंकभैरवाच्या नावावरून तलावाला रंकाळा म्हणतात. काठावर संध्यामठ आहे आणि तलावाचे पाणी उतरले, की त्याचा अधिक भाग उघडा पडतो. पलीकडच्या काठावरील शालिनी पॅलेस १९३१–३४ मध्ये बांधला गेला. तलावाचा फेरा सुमारे साडेचार किमी. आहे, तो पुरा न करता पूर्वेकडच्या चौपाटीवर बसले, तरी मावळता सूर्य समोरच असतो. चौपाटीवर भेळेच्या गाड्या लागतात. परतताना गंगावेशीतला दूधकट्टा लागतो. तिथे संध्याकाळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि धारोष्ण दुधाचा पेला उभ्यानेच पितात. तालमीतून आलेली पोरे या कट्ट्याची नेहमीची गिऱ्हाइके.

डोंगरावरची ठिकाणे

अर्धा दिवस जास्त असल्यास मध्यवर्ती बसस्थानकावरून पन्हाळा किंवा जोतिबाची एस.टी. घ्यावी. दोन्ही रत्नागिरी रस्त्याने जातात. जोतिबाचा फाटा केर्लीला आणि पन्हाळ्याचा पुढे वाघबीळला फुटतो. एकाच अर्ध्या दिवसात दोन्ही करण्याचा हट्ट सार्वजनिक वाहनाने अंगाशी येतो, कारण परतीची गाडी हुकली, की तास मोडतो.

पन्हाळा शहरापासून सुमारे २० किमी. आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस गड बांधला. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये येथूनच विशाळगडाकडे निसटले. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी ही ठिकाणे पायी पाहता येतात. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी पन्हाळा एक आहे. जोतिबाचा डोंगर, म्हणजे वाडी रत्नागिरी, रविवारी गजबजतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या आणि गुलालाने तो रंगतो आणि एस.टी. जादा गाड्या सोडते.

एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्म्या भाड्यात आहे; त्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवावे. जिल्ह्यात अनेक दिवस फिरायचे असेल, तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास फायद्याचा ठरतो.

वार आणि ऋतू

नवरात्रात देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद करतात. बसच्या वाटा बदलतात आणि पायी अंतर वाढते. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, टेकडीवर जाते. तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. दसऱ्याचा शाही सोहळा दसरा चौकात असतो.

पावसाळ्यात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पुराच्या दिवसांत घराघरांत हाच आकडा विचारला जातो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी मोठे पूर आले. पाणी चढले, की आंबेवाडी–केर्ली भागात रत्नागिरी रस्ता बुडतो आणि पन्हाळा व जोतिबा दोन्हींची नेहमीची वाट बंद होते. अशा वेळी देऊळ, खासबाग आणि टाऊन हॉल एवढाच बेत ठेवावा.

परतीचा प्रवास

मुंबई–पुण्याकडे परतणाऱ्याला टर्मिनस आणि मध्यवर्ती बसस्थानक शेजारीच पडतात. कोकणात उतरणाऱ्याची वाट वेगळी आहे. कोल्हापूर–वैभववाडी लोहमार्गाची मागणी जुनी असून तो मंजूरही झाला. पण गाडी अजून कोल्हापुरातच थांबते. त्यामुळे तळकोकणाला जाणारा प्रवासी आजही रंकाळा स्टँडवर येऊन गगनबावड्याची एस.टी. धरतो आणि करूळ किंवा भुईबावडा घाटाने खाली उतरतो.